बाबांचा दुसरा स्टेंट: टाकायचा की थांबायचं? (नागपूर)

उमरेडचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे, उमरेडला असतात. अकरा दिवसांपूर्वी पहाटे छाती भरून आली, बनियन घामानं ओलं झालं. आईला वाटलं ॲसिडिटी. लिंबू-सोड्यात तास गेला. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी पाहून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, मग नागपूरला आणलं. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आता मानेवाड्याला माझ्याकडेच आहेत.

प्रश्न असा की हृदयाच्या दुसऱ्या एका नळीत ८० टक्के ब्लॉकेज आहे आणि डॉक्टर महिनाभरात तिथंही स्टेंट टाकू म्हणून राहिले. बाबांना काही त्रास नाही. मामा म्हणतात, "दुखत नाही तर काऊन टाकायचा? पैशाचे धंदे आहेत." दुसरं मत कुठं घ्यावं? सरळ नागपूरला न आणता इंजेक्शनात वेळ गेला का, हेही डोक्यातून जात नाही.

नंदनवनची_काकू
तुझे मामा अगदीच चुकत नाहीत रे. आमच्या यजमानांना अटॅक नव्हता, चढावर चाललं की तेवढं दुखायचं. तरी एका ठिकाणी "आजच टाका, उद्याची गॅरंटी नाही" म्हणून टेबलावर असतानाच माझी सही घेतली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी गोळ्या देऊन बघता आलं असतं. सहा वर्षं झाली, राग अजून जात नाही.

कॅथलॅबवाला
काकू, तुमचा राग रास्त आहे, पण ही केस वेगळी. अटॅक नसताना, दुखणं स्थिर असताना बहुतेकांना स्टेंटनं आयुष्य वाढत नाही. 'करेज' (२००७) आणि 'इस्केमिया' (२०२०) या मोठ्या अभ्यासांत तेच दिसलं. अटॅक येऊन गेलेल्यांचं गणित निराळं.

पोट्ट्या, तुझ्या प्रश्नावरच २०१९ मध्ये 'कम्प्लीट' नावाचा अभ्यास आला. चार हजारांवर पेशंट, सगळ्यांची अटॅकवाली नळी उघडलेली. निम्म्यांच्या बाकीच्या नळ्यांतही स्टेंट टाकले, उरलेल्यांना फक्त औषधं. साधारण तीन वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा पुन्हा अटॅक: ७.८ विरुद्ध १०.५ टक्के. खरा फरक पुन्हा येणाऱ्या अटॅकमध्ये होता, मृत्यूत नाही. दुसरा स्टेंट भरती असतानाच टाका की ४५ दिवसांत, फायदा सारखाच. म्हणजे डॉक्टर महिनाभर म्हणतात ते बरोबर, आणि विचारायला तुझ्याकडे वेळही आहे.

तेवढं मात्र विचार: ८० हा आकडा नुसत्या नजरेचा का? ५० ते ६९ च्या मधलं ब्लॉकेज असेल तर नळीत वायर घालून दाब मोजतात (एफएफआर), मग ठरवतात. आयव्हस किंवा ओसीटीनं (नळीच्या आत घालायचा बारीक कॅमेऱ्यासारखा प्रकार) आतून बघणार का, तेही विचार. बाहेरून झकास दिसणारा स्टेंट आतून नीट फुललेला नसतो, हे मी स्क्रीनवर कितीदा पाहिलंय. अँजिओग्राफीचं औषध (डाय) पुन्हा जाणार, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घे.

आमच्याच खात्यात चुकाही सुधारल्या आहेत बरं. पूर्वी जवळपास प्रत्येक अटॅकमध्ये गुठळी बारीक पाइपनं ओढून काढायचो. २०१५ च्या 'टोटल' अभ्यासात फायदा दिसला नाही, उलट पक्षाघात थोडे वाढले. आता गरजेपुरतंच.

इंजेक्शनचं मनातून काढ. १२० मिनिटांत बलून (अँजिओप्लास्टी) होणार नसेल तर आधी इंजेक्शन आणि मग २ ते २४ तासांत अँजिओग्राफी, हाच नियम आहे. उमरेडच्या डॉक्टरांना भेटून थँक्यू म्हण.

धंतोली_फार्मसी
दुसऱ्या मतासाठी मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल किंवा मिहानचं एम्स. सकाळी लवकर जा. नुसता रिपोर्ट नको, अँजिओग्राफीची सीडी न्या. डॉक्टर तीच बघतात. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात तो वेगळा दाखवायला लावा.

आणि रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दात काढायचा म्हणून परस्पर बंद करणारे माझ्याकडे महिन्याला एक तरी येतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

उमरेडचा_पोट्टा
लय आभार. परवा एम्सला जातो. मामांना ४५ दिवसांचं सांगितलं, ते "बघू" म्हणाले. एकच अडचण: सीडी आहे, पण लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कोणी पेन ड्राइव्हवर काढून देतं का?

कॅथलॅबवाला
बर्डीवर कशाला, जिथं अँजिओग्राफी केली त्याच कॅथलॅबमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन जा. दुपारी दोननंतर, सकाळी आम्ही फोन पण उचलत नाही.