मदत हवी आहे: लाइफ इज स्ट्रेंजच्या शेवटाचा हिशेब लागत नाही

राजेहो, ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांनी पुढे वाचू नका, शेवट फुटेल.

मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला. दिवसा कापूस वेचणी अन् रात्री मोबाइलवर २०१५ चा हा गेम, असे पाचही भाग पुरे केले. शेवट फार लागला मनाला. पण एक गाठ सुटत नाही.

गेमची नायिका मॅक्स वेळ मागे फिरवून तिच्या मैत्रिणीला, क्लोईला, गोळीपासून वाचवते आणि त्यातूनच वादळ उठतं, असं गेम सुचवतो. दीपगृहाजवळ निवड येते: क्लोई की आर्केडिया बे हे अख्खं गाव? मी गाव निवडलं. मॅक्स फुलपाखराच्या फोटोतून मागे जाते, क्लोईला मरू देते, वादळ येतच नाही.

पण फोटोतून मागे जाणं हीसुद्धा तीच शक्ती ना? तिचं वादळ का नाही? अन् त्याहून मोठं म्हणजे, वादळाचं दृश्य मॅक्सला सुरुवातीलाच दिसतं, एकदाही वेळ फिरवायच्या आधी. बांध फुटायच्या आधीच वावरात पाणी कसं?

मावसभाऊ म्हणतो, १९९८ च्या ऑकरिना ऑफ टाइम या गेममध्येही पवनचक्कीवाला मोठ्या झालेल्या लिंकला, म्हणजे गेमच्या नायकाला, धून शिकवतो, अन् ती तो लहानपणीच्या लिंककडूनच शिकलेला असतो. मग रचली कोणी? मला ते वेगळं वाटतं. ते वर्तुळ आहे, बंद होतं. इथे गेम स्वतःचाच नियम मोडतो.

मॅक्सच्या डायरीत किंवा तिचा मित्र वॉरेनच्या बोलण्यात याचं उत्तर कुठे सुटलं का माझ्याकडून? भाग सांगितला तर पुन्हा खेळून पाहीन.