इंदूरहून छायाचित्रणासाठी एक दिवस : जाम दरवाजा की यशवंत सागर?

प्रश्न – तुकोगंजवासी

नमस्कार. माझी शाळेपासूनची जिवलग मैत्रीण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून इंदूरला येत आहे. एक अख्खा दिवस गाडी घेऊन खेड्यापाड्यांतून छायाचित्रे काढत फिरायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. कॅमेरा माझ्याकडे असेल, तर पक्ष्यांची ओळख तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. मांडू आणि पातालपानी आमचे पाहून झाले आहे. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा आणि यशवंत सागर जलाशय ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात जमतील का? शेतात काम करणाऱ्यांची छायाचित्रे घेताना कोणती पथ्ये पाळावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – महूकर

ताई, जाम दरवाजा महूच्या पुढे दक्षिणेला आणि यशवंत सागर हातोदच्या बाजूला. दोन्ही गाठायला निघालात, तर चांगला प्रकाश रस्त्यातच संपेल. माझे मत जाम दरवाजाला आहे. विंध्याचा उभा कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो. त्यामुळे दरवाजापाशी उभे राहून खाली निमाडाकडे पाहिले की ऊन डावीकडून येते आणि डोंगरांची प्रत्येक घडी सावलीने वेगळी उठून दिसते. सूर्याशी कोनही काटकोनाचा मिळत असल्याने पोलरायझर फिल्टर (आकाशाचा धूसरपणा आणि चमक कमी करणारी, लेन्सवर लावायची काच) याच वेळी सर्वांत चांगले काम देतो. डिसेंबरमध्ये सूर्य बराच दक्षिणेकडून उगवतो आणि हा लाभ कमी होतो. ऑक्टोबर असो वा डिसेंबर, दुपारी तर तेथे काही हाती लागत नाही, कारण ऊन समोरून येते आणि दरी धुरकट दिसते. माळव्यातून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणाऱ्या वाटेवरचा हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. केवळ दरीचे चित्र घेऊन परतू नका, त्याच्या दगडी कमानीलाही वेळ द्या.

उत्तर २ – सारसप्रेमी

महूकरांचे प्रकाशाविषयीचे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण सोबतीला पक्षी ओळखणारी मैत्रीण असताना मी यशवंत सागरच निवडेन. गंभीर नदीवरच्या या जलाशयाला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आणि मध्य भारतातील सारसांचा तो एक महत्त्वाचा आधार आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातला सर्वांत उंच पक्षी असला, तरी उंच वाढलेल्या पिकात तो सहज नजरेआड होतो. तेथे सरावलेली नजर लागते. पावसाळा हा त्यांच्या विणीचा काळ असल्याने ऑक्टोबरमध्येही जोडीबरोबर पिल्लू असू शकते, तेव्हा पायी जवळ जाऊ नये. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे, खिडकीच्या काठावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी आणि वाट पाहावी. जोडीने मान मागे टाकून साद घातली, तर कॅमेऱ्याआधी कान द्या, एवढा माझा आग्रह आहे. गुलावटची कमळे त्याच बाजूला आहेत; ती सकाळी लवकर पाहावीत.

उत्तर ३ – शेतकरी कन्या

माणसांविषयी सांगते. त्या दिवसांत सोयाबीनची कापणी आणि मळणी चालू असते. थ्रेशरमधून उडणारा भुसा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, सूर्य मळणी करणाऱ्यांच्या मागे ठेवून टिपला, तर प्रत्येक कण सोनेरी दिसतो. मात्र यंत्रापासून लांब उभे राहावे आणि लेन्स तेथे बदलू नये. आधी ‘राम राम’ करावे, दोन शब्द बोलावेत आणि मगच कॅमेरा काढावा. स्त्रियांची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी, घरातल्या पुरुषाकडून नव्हे. छायाचित्र पाठवण्याचा शब्द दिलात तर तो पाळा, कारण तेथे त्याची खरोखर वाट पाहिली जाते. आणखी एक, पाऊस नुकताच पडून गेला असेल तर गाडी शेतरस्त्यावर मुळीच उतरवू नका. काळ्या मातीत रुतलेले चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

तुकोगंजवासी

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे मी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवली आणि तिने सारसांच्या बाजूने कौल दिला. पहाटे गुलावट, तेथून यशवंत सागर आणि संध्याकाळी त्याच भागातली शेते, असे ठरले आहे. पिकातून पक्षी हुडकायचे काम तिचे असल्याने सकाळी गाडी मीच चालवीन आणि ती म्हणेल तेथे थांबेन. छायाचित्रांच्या छापील प्रती देता याव्यात, म्हणून ज्यांची चित्रे घेऊ त्यांची नावे आणि गाव एका वहीत लिहून घेणार आहोत.