'स्टिफनेस'ला ताठरपणा की निबरपणा?

स्तनाच्या कर्करोगावर एक टिपण लिहितेय. गाठीभोवतीच्या ऊतींचा 'स्टिफनेस' वाढला की पेशी आक्रमक होतात, असा मुद्दा आहे. कठीणपणा, ताठरपणा, दृढता... एकही पटत नाहीये. सुचवा.

— कठीणपणा नको, तो 'हार्डनेस'साठी राखलेला. ओरखडा उमटतो की नाही, ते सांगणारा. इथे प्रश्न आहे दाबल्या-ताणल्यावर वस्तू किती दाद देते याचा. दृढता निश्चयाला शोभते. ताठरपणा चालेल, जरी तो ऐकून मला आमचे सासरे आठवत असले तरी.

— निबर! भेंडी निबर होते ती धागे धरल्यामुळे. गाठीभोवतीही तेच: कोलॅजन या प्रथिनाचे तंतू वाढतात आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. अवांतर: 'ऊत' म्हणजे विणलेलं, 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्याच घरातला. तेव्हा 'वीण आवळली' असंही म्हणता येईल.

— निबर झकास, पण आकडा आला की फसतं. संशोधक व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ साली उंदरांच्या निरोगी स्तनग्रंथीचा स्टिफनेस सुमारे १७० पास्कल (दाब मोजण्याचं एकक) मोजला, गाठीचा सुमारे ४,०००. 'निबरपणा ४,००० पास्कल' कोण लिहील? मोजमापाला ताठरता घ्या, वर्णनाला निबर. बोटांना लागते ती टणक गाठ, तिथे डॉक्टरांचाच शब्द राहू दे.

— पटलं. मग 'कर्कपेशी ताठर होतात' असं लिहू ना?

— अहो, नका! ताठर होते ती भोवतालची ऊती. पेशी स्वतः उलट मऊ असतात. २००७ साली रुग्णांच्या छातीत साठलेल्या द्रवातल्या पेशी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. फटींतून निसटायला ते सोयीचंच. पेशी इंटेग्रिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या आधाराने भोवतालाला ओढून बघते. तो बधला नाही तर आणखी जोर लावते, मग याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू होतात. म्हणून कर्ता नीट लिहा, नाहीतर सगळा मुद्दा उलटा होईल.

— दुरुस्त केलं. आणि 'ड्युरोटॅक्सिस'?

— 'ताठरानुगमन' वगैरे घडवायला बसू नका, प्लीज. 'मऊ जागेकडून ताठर जागेकडे सरकणं' म्हणा. चार शब्द जास्त पडले तरी चालतील.