आईसाठी रोजच्यातले हसरे फोटो छापायचेत, कुठले निवडू?

पडवीवाली:
नमस्कार मंडळी. आई चिपळूणला एकटी असते, मी पुण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि खालच्या कपाटातले अल्बम भिजले. शेजारच्यांनी हाताला लागतील ते गच्चीवर नेऊन ठेवले, म्हणून थोडेफार वाचले.

दुपारची जेवणं उरकली की आई तेच घेऊन बसते. लग्नमुंजीचे फोटो भराभर उलटते. रेंगाळते ती एका चौकोनी कृष्णधवल फोटोपाशी. बाबांनी आगफा क्लिक थ्रीवर काढलेला. पडवीत फणस फोडणं चाललंय, काकूच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल, मागे सुपात आमसुलं, आणि आजी तोंडाला पदर लावून हसतेय. दिसतात नुसते डोळे, तेही हसून हसून मिटलेले. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो यायचे, त्यातला एक बाबांनी या फणसाच्या गोंधळासाठी खर्चला याचं मला फार अप्रूप वाटतं. बाबा गेल्यापासून आईला धड झोप नाही. पण हा फोटो हातात आला की बोलायला लागते: कोण कशावरून हसलं, फणस कापा होता की बरका. तेवढा वेळ घर भरलेलं असतं.

दोन गोष्टी विचारायच्यात. प्लास्टिकला चिकटलेले फोटो सोडवायचे कसे? आणि फोनमध्ये मुलांचे हजारो फोटो पडलेत, त्यातले कुठले छापून तिला नेऊ?

जुना_डार्करूम, कोल्हापूर:
ताई, ओढू अजिबात नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो ओला होऊन वाळला की प्लास्टिकला धरतो आणि ओढलं की चेहराच निघून येतो. आधी आहे तसाच, प्लास्टिकवरूनच, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढून ठेवा. म्हणजे पुढे काही बिघडलं तरी चेहरे हातचे जाणार नाहीत. मग लॅबमध्ये धुतलेला, फारसा महत्त्वाचा नसलेला एखादा प्रिंट थंड स्वच्छ पाण्यात ठेवून बघा. सैल झाला तर हळूच सोडवा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. घरच्या प्रिंटरवर काढलेले मात्र पाण्यात घालू नका, शाई पसरते. आजींचा फोटो कृष्णधवल आहे ना? असे प्रिंट रंगीतपेक्षा बरेचदा जास्त तग धरतात. त्याला पाणी लावायची गरजच नाही, नुसता स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके.

छापायचे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले घेऊ नका. तिथे फोटो दाबला जातो. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. पोस्टकार्डाएवढा, चार बाय सहा इंची प्रिंट काढायला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनची रेघ पुढून उमटते.

मस्कतकर:
माझं सांगतो. इथे माझ्या टेबलावर आमच्या आईचा एकच फोटो आहे. ओट्यापाशी उभी, हाताला पीठ, आणि मी काहीतरी बोललो म्हणून मान वळवून हसलेली. बाजूला गॅसवर पोळी करपतेय. स्टुडिओतला चांगला फोटोही आहे, पण त्यात ती मला पाहुण्यासारखी वाटते. तुमच्या आईंना मुलांचे वाढदिवसाचे केक नका नेऊ. सकाळी दात घासताना आरशात हसणारी पोरं न्या. मागचा पसारा कापू नका, आजीला त्यातच सगळं कळतं.

पडवीवाली:
दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून अल्बमला हात लावायचा धीर आला. काल रात्री बसून निवडले. धाकटी वरणभातात मनगटापर्यंत हात घालून बसलीय तो, थोरला पावसात रेनकोट उलटा घालून खिदळतोय तो, आणि आमच्या ह्यांनी नकळत टिपलेला माझा, केस पुसताना हसतानाचा. माझा मी आधी बाजूला ठेवला होता, मग म्हटलं आईला हाच हवा असणार. सगळे मोठ्या आकारात छापतेय, तिला चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून.

शनिवारी निघतेय. चिकटलेल्यांपैकी बारशाचा एक धूसर फोटो आहे, पहिल्यांदा तोच पाण्यात ठेवते आणि काय होतं ते इथे कळवते.