लॉजिस्टिक्समध्ये पीजी : शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे, मदत हवी

गोदाम_चाकण
नमस्कार. लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनमध्ये पीजी करायचं माझं ठरलं आहे, त्यामुळे "कर की नको कर" यावर सल्ला नको. एका ठिकाणी सीट मिळतेय. शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरा, नाहीतर सीट जाईल असा रोज फोन येतोय. प्लेसमेंटची हमी आहे म्हणतात. घरचे म्हणतात थांब. मला आता थांबायचं नाहीये, आधीच बराच उशीर झालाय. भरू का? ज्यांनी केलंय त्यांनी पगार किती मिळतो तेही सांगा. प्लीज लवकर.

मिलिंद_भोसरी
कुठली सीट? एमबीए, पीजीडीएम (व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका) की नुसतं सर्टिफिकेट? एक वर्ष की दोन? फी किती? ग्रॅज्युएशन कशात, टक्के किती, नोकरी करता का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?
इंजिनीअर असाल तर माझं मत स्पष्ट आहे : एक वर्ष कॅटचा कसून अभ्यास करा आणि पवईला जा. तेव्हाचं निटी म्हणजे २०२३ पासूनचं आयआयएम मुंबई. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन हा त्यांचा मूळ विषय आहे, नंतर चिकटवलेला नाही. दुसरा पर्याय सिम्बायोसिसचं नाशिकचं ऑपरेशन्स मॅनेजमेंटचं कॉलेज. त्याला स्नॅप ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

उरणकर
आधी काम शिका, पीजी नंतर. न्हावा शेव्याला कुठल्याही कस्टम ब्रोकरकडे सहा महिने काढा. बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टमचा अर्ज) कशी फाइल होते, एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) चुकला की काय होतं, कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) अडकला की यार्डाचं जागाभाडं म्हणजे ग्राउंड रेंट आणि शिपिंग लाइनचं कंटेनर अडकवल्याचं डिटेन्शन दोन्ही एकदम कसं चढतं, हे वर्गात कळत नाही. माझ्याकडे एमबीए झालेली मुलं येतात, त्यांना एफओबी आणि सीआयएफ या विक्रीच्या अटींमध्ये इन्शुरन्स कोण भरतो ते सांगता येत नाही. कस्टम ब्रोकरच्या कर्मचाऱ्यांसाठीची जी कार्डची परीक्षा द्या, पुढे स्वतःचं ब्रोकरचं लायसन काढा. वाढवण बंदर येतंय, २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, शहात्तर हजार कोटींचं काम आहे. माणसं लागणार आहेत.

सुनंदा_प्लॅनिंग
उरणकर, त्यांनी बंदरात काम करायचंय असं लिहिलेलं नाही. सप्लाय चेन म्हणजे फक्त आयात-निर्यात नव्हे.

गोदाम_चाकण
इंजिनीअर नाही, बी.कॉम. आहे. ५८ टक्के. कॉलेज संपल्यापासून चाकणला एका थर्ड पार्टी (दुसऱ्या कंपन्यांचा माल सांभाळणाऱ्या) गोदामात इनवर्डला (आलेला माल घेण्याच्या कामावर) आहे, ऑटो पार्ट्सचं. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणं, ई-वे बिल तपासणं, बिन लावणं. पुढे सुपरवायझरच्या जागा निघतात त्यात "एमबीए असावा" असं लिहिलेलं असतं, म्हणून पीजी. कोर्स एका वर्षाचा आहे, पीजीडीएम इन लॉजिस्टिक्स. साडेचार लाख, पहिला हप्ता सव्वा लाख. भरू की नको एवढंच सांगा.

मिलिंद_भोसरी
नको. आता कारण. पीजीडीएम या नावाने एआयसीटीई (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) जो अभ्यासक्रम धरते तो दोन वर्षांचा असतो. नोकरदारांसाठीचा एक्झिक्युटिव्ह प्रकार वेगळा. एका वर्षात पीजीडीएम देतो म्हणणाऱ्याकडे त्या वर्षाचं एआयसीटीईचं मान्यतापत्र मागा. माहितीपत्रकात मान्यतेबद्दल नक्की काय लिहिलंय? शब्द न् शब्द इथे टंका.

हॅम्बुर्ग_मराठी
मी इथे लॉजिस्टिक्समध्येच मास्टर्स केलं, म्हणून लिहितो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, तिथे परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, ते आधी काढा. हॅम्बुर्गला क्यूने लॉजिस्टिक्स युनिव्हर्सिटी आहे, पण ती खासगी आहे, फी भरपूर. बी.कॉम. तीन वर्षांचं असल्याने काही ठिकाणी क्रेडिट कमी पडतात, प्रत्येक विद्यापीठाच्या अटी नीट वाचाव्या लागतात. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत तरी शिका, गोदामातली आणि प्लॅनिंगची नोकरी इंग्रजीवर मिळणं अवघड आहे. मुदतीच्या घाईत कुठेही पैसे अडकवू नका, इकडचा विचार करा.

गोदाम_चाकण
दादा, परदेशाचा विचारच नाहीये.
माहितीपत्रकात असं आहे : "आयएसओ ९००१ : २०१५ प्रमाणित संस्था. स्किल कौन्सिलच्या निकषांनुसार अभ्यासक्रम. १०० टक्के प्लेसमेंट सहाय्य." बाकी इमारतीचे फोटो.

मिलिंद_भोसरी
यात एआयसीटीई नाही, यूजीसी नाही, कुठलं विद्यापीठ नाही. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, ते बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं. पदवी किंवा पदविका द्यायचा अधिकार त्यातून येत नाही. आणि "सहाय्य" लिहिलंय, "हमी" नाही. हमी फोनवर दिलीय.
याचा पैशांशी थेट संबंध आहे. मान्यताप्राप्त संस्थेत कोर्स सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केला तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, मूळ कागदपत्रं अडवता येत नाहीत. मान्यताच नसेल तर तुम्ही कुणाकडे दाद मागणार?

सातपूरचे_काका
बाळा, सव्वा लाख ही मोठी रक्कम आहे. मी स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून करता येतो, आम्ही अनेकांनी तोच केला आणि मॅनेजर होऊन निवृत्त झालो. हल्लीच्या मुलांना मोठाली सूत्रं येतात, पण रॅकसमोर उभं केलं की माल ओळखता येत नाही. आमचा नियम साधा होता : पंधरा दिवसांचा माल शिलकीत ठेवायचा. लाइन कधी थांबली नाही.

सुनंदा_प्लॅनिंग
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण पंधराच का, बारा किंवा वीस का नाहीत, याचं उत्तर येणं हेच या शिक्षणाचं काम आहे. गोदाम_चाकण, तुमच्या कामातलंच उदाहरण देते.
समजा ब्रॅकेट नावाच्या एका सुट्या भागाची रोजची सरासरी मागणी ४० नग आहे, रोजचा चढउतार म्हणजे प्रमाण विचलन १२ नग, आणि माल यायला ९ दिवस लागतात. ऑर्डर कधी सोडायची? ९ दिवसांची मागणी ३६०. वर सेफ्टी स्टॉक म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा : ९५ टक्के वेळा माल कमी पडू नये म्हणून १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्रातला ठरलेला आकडा) गुणिले १२ गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ६०. शिलकीत ४२० उरले की ऑर्डर.
पण सप्लायर खरंच नवव्या दिवशी देतो का? कधी सहाव्या, कधी बाराव्या. त्या ९ दिवसांत ३ दिवसांचं विचलन धरा. आता वर्गमूळाखाली दोन गोष्टी येतात : ९ गुणिले १२ चा वर्ग म्हणजे १,२९६, आणि ४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग म्हणजे १४,४००. बेरीज १५,६९६, वर्गमूळ सुमारे १२५, गुणिले १.६५ म्हणजे २०७. ऑर्डरची पातळी ४२० वरून ५६७ वर गेली. मागणी तीच, ग्राहक तोच. फक्त गाडी वेळेवर येत नाही म्हणून गोदामात दीडशे नग जास्त पडून आहेत आणि त्यात पैसा अडकलाय.
हे मांडता आलं की तुम्ही परचेसला सांगू शकता की सप्लायरशी भावावरून भांडण्यापेक्षा त्याला माल द्यायचा वार ठरवून द्या. कोर्स निवडताना अभ्यासक्रमात इन्व्हेंटरी, फोरकास्टिंग, नेटवर्क डिझाइन आणि डेटा हाताळणं आहे का ते बघा. नुसतं "लॉजिस्टिक्सची ओळख" असेल तर ते तुम्हाला आधीच येतं.

सातपूरचे_काका
४० गुणिले १५ म्हणजे ६००. तुमचे ५६७. आम्ही फार लांब नव्हतो.

सुनंदा_प्लॅनिंग
या ब्रॅकेटपुरते नव्हता, मान्य. पण हाच नियम तीन हजार आयटमना लावला तर स्थानिक सप्लायरकडून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या खोक्यांचाही पंधरा दिवसांचा ढीग लागतो, आणि समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला पंधरा दिवस पुरतच नाहीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा ज्यांचा लीड टाइम (माल यायला लागणारे दिवस) कागदावर कायमचा छापलेला होता त्यांची धांदल उडाली.

उरणकर
तेच तर मी म्हणतोय, बंदर समजल्याशिवाय हे कळत नाही. त्या मोसमात नाशिकची द्राक्षं भरलेल्या रीफरना (थंड कंटेनरना) युरोप गाठायला किती जास्त दिवस लागले ते आम्ही पाहिलंय.

वऱ्हाडी_ठसका
सगळे मुंबई-पुणं-नाशिकच सांगून राहिले. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, नागपुरात मिहान कार्गो हब आहे, देशाच्या मधोमध आहे. २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत कर वाचवायला ठेवलेली छोटी गोदामं बंद करून कंपन्यांनी मोठी गोदामं बांधली, त्यात आमच्याकडे बरीच आली. नोकरी इकडं बघा, राहणंही स्वस्त.

उरणकर
भाऊ, भिवंडीच्या तुलनेत नागपूरला गोदामं किती आहेत? आणि समृद्धीवर जड वाहनांचा टोल बघितलात का?

वऱ्हाडी_ठसका
टोल बघता, वेळ नाही बघत. भिवंडी बायपासला गाडी उभी राहते तेवढ्यात आमची गाडी शिर्डी ओलांडते.

स्कॉलरशिप_टेबल
टोलचं बाजूला ठेवा थोडं. मी एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात काम करते. गोदाम_चाकण, तुम्ही यंदा एमबीए सीईटी दिली होती का? प्रवर्ग आणि घरचं वार्षिक उत्पन्न साधारण काय? उघडपणे लिहायचं नसेल तर निरोप पाठवा, पण हे महत्त्वाचं आहे.

गोदाम_चाकण
लिहिते की, त्यात काय. सीईटी दिली होती. ७१ पर्सेंटाइल आले, त्यात काही मिळत नाही म्हणून पुढे काही केलं नाही. ओबीसी. कवठेमहांकाळला वडिलांची द्राक्षबाग आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली.

मिलिंद_भोसरी
सीईटी दिलीय हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं हो!

स्कॉलरशिप_टेबल
मग नीट वाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ट्यूशन फी आणि परीक्षा फीमध्ये १०० टक्के सवलत आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट ही की प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा थेट घेतलेल्या प्रवेशाला मिळत नाही. तुमच्या त्या साडेचार लाखांच्या कोर्सला तर प्रश्नच येत नाही.
होस्टेल, मेस आणि कॉलेजचे इतर चार्जेस यात येत नाहीत, ते धरून चाला. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. दर वर्षी आमच्या टेबलासमोर मुली रडतात त्या नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते म्हणून. तो कागद आज काढून तारीख बघा.
एमबीएला पात्रता ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५. तुमचे ५८ आहेत, अडचण नाही.

सुनंदा_प्लॅनिंग
७१ मध्ये जमनालाल बजाज मिळणार नाही, पण पुणे विद्यापीठाशी संलग्न बरीच कॉलेजं मिळू शकतात. त्यांच्या एमबीएमध्ये ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट हे स्पेशलायझेशन आहे. एक गोष्ट मात्र कॉलेजात जाऊन विचारा : गेल्या वर्षी या स्पेशलायझेशनला प्रत्यक्षात किती मुलं होती? पुरेशी मुलं नसली तर कॉलेज तो वर्ग चालवत नाही आणि सगळ्यांना मार्केटिंग नाहीतर फायनान्सकडे ढकलतं. माहितीपत्रकात नाव असणं पुरेसं नाही.

सातपूरचे_काका
आणि नोकरी सुटेल त्याचं काय? दोन वर्षं पगार नाही. म्हणून म्हटलं डिप्लोमा करावा.

सुनंदा_प्लॅनिंग
हा मुद्दा खरा आहे काका. पण जाहिरातीत "एमबीए" मागतात तिथे एचआरची पहिली चाळणी डिप्लोमा अडवते. नोकरी सोडायचीच नसेल तर इग्नूचा ऑपरेशन्सचा एमबीए आहे. पदवी पक्की, फी परवडणारी. फक्त कॅम्पसला कंपन्या येतात तो भाग मिळत नाही.

गोदाम_चाकण
सगळ्यांचे आभार. काल संस्थेला मेल करून एआयसीटीईचं पत्र मागितलं. मेलला उत्तर नाही, फोन आला की "मॅडम, आपलं ऑटोनॉमस आहे, पत्र लागत नाही, उद्या हप्ता भरलात तर दहा टक्के सूट". हप्ता भरणार नाही. घरी सांगितलं.
नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चमध्येच संपली आहे. वडील सोमवारी तहसीलला जाताहेत. तोपर्यंत अर्ज केल्याची पावती कॅपला चालते का? आणि चाकणपासून जायला यायला जमेल अशा कुठल्या कॉलेजात सप्लाय चेनचा वर्ग खरंच भरतो? सकाळच्या बॅचचं असेल तर आधी सांगा, दुसऱ्या शिफ्टला काही दिवस तरी काम करता येईल का ते मॅनेजरला विचारते.

स्कॉलरशिप_टेबल
अर्ज भरताना पावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख त्या वर्षीच्या वेळापत्रकात दिलेली असते. ती चुकली तर जागा खुल्या प्रवर्गात धरतात आणि फी सवलतही अडकते. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच्या सूचना रोज बघा. वडिलांना शाळा सोडल्याचा दाखला आणि आधीचं नॉन-क्रिमीलेअर दोन्ही बरोबर न्यायला सांगा, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.

मिलिंद_भोसरी
निगडी-आकुर्डी पट्ट्यातली दोन-तीन कॉलेजं मी शनिवारी विचारून येतो. वर्गात किती मुलं आहेत तेही विचारतो. इथेच लिहीन.

आई_ठाणे
वाचून छान माहिती मिळाली. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. त्यासाठी आधी लॉजिस्टिक्स केलेलं चालतं का?

उरणकर
ताई, ते पूर्ण वेगळं आहे. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा असते, डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या. वेगळा धागा काढा, सगळं सांगतो. इथे चाकणजवळच्या कॉलेजांची नावं येऊ द्यात.