एका वर्षात पुरं करण्याचा हट्ट सोडा

तुम्ही लिहिलंत की दर जानेवारीत बायबल उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करता आणि लेवीय हे तिसरं पुस्तक आलं की खंड पडतो. अगदी खरं आहे. एकूण अध्याय १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमचे ४० धरले, तर महिनाअखेरीस लेवीयातले होमबलींचे, म्हणजे वेदीवर जाळायच्या अर्पणांचे नियम समोर येतात. तिथे दोन दिवस चुकले की सात-आठ अध्याय अंगावर येतात आणि मग पुस्तक उघडायचीच धास्ती वाटते.

माझं ऐका, मार्कपासून, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या कथेपासून सुरुवात करा. १६च अध्याय आहेत. रोज एक, तोही मोठ्याने वाचायचा. सोबत तारखेप्रमाणे नीतिसूत्रे या बोधवचनांच्या पुस्तकाचा एक अध्याय: ते ३१ आहेत, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी मागची थकबाकी राहत नाही, आजची तारीख बघायची आणि वाचायचं.

माझ्या आईचं बायबल स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असायचं, चष्मा त्याच्यावरच. आधण ठेवलं की ती उघडायची. स्तोत्रसंहितेची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती. वाचन एखाद्या रोजच्या कामाला असं जोडलं की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

भाषा जड जात असेल तर सोपं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच.

लेवीय मात्र मागाहून वाचा, नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या जोडीने; त्यात या अर्पणांचा अर्थ येशूच्या संदर्भात सांगितला आहे. तेव्हा ते उलगडतं.