मदत हवी आहे: वल्हांडण निसान १४ च्या सुरुवातीला पाळायचा की शेवटी?

आमची छोटी ख्रिस्ती मंडळी दरवर्षी वल्हांडण (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण करणारा यहुदी सण, पासओव्हर) पाळते, ईस्टर नाही. निसान या यहुदी महिन्याची १४ तारीख लागली की (यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो) सूर्यास्तानंतर एकमेकांचे पाय धुतो, मग बेखमीर भाकर आणि द्राक्षरस. भाकर मोडताना सगळे इतके शांत असतात की मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतो, मला वर्षभरात तोच क्षण सगळ्यात जवळचा वाटतो.

आता तरुणांना अर्थ समजवायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी अडकलेय. बायबलमधल्या निर्गम १२:६ मध्ये वल्हांडणाचं कोकरू १४ तारखेला संध्याकाळी मारायचं म्हटलंय, पण मूळ हिब्रूत शब्द आहेत ‘दोन संध्याकाळींच्या मधे’, मग ती १४ ची सुरुवात की शेवट? मार्क १४:१२ वाचलं तर येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं जेवण वाटतं, आणि योहान १८:२८ मध्ये त्या भोजनानंतर येशूला पकडून नेलं तरी यहुदी पुढाऱ्यांचं वल्हांडणाचं जेवण व्हायचंच आहे! एका मुलीने सरळ विचारलं, कोकरू जेवणाआधी मारलं की नंतर, मला उत्तरच देता आलं नाही.

चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचून झालीत, १ करिंथ ५:७ आणि ११:२३ पण. पाळकांनी सांगितलं की दुसऱ्या शतकातले बिशप, स्मुर्णाचा पॉलिकार्प आणि रोमचा अनिसेटस, यांचंही सण कधी पाळायचा यावर जमलं नव्हतं तरी ते प्रेमाने वेगळे झाले, ते मनाला भिडलं पण तारखेचं कोडं तसंच राहिलं.

ईस्टर बरोबर की चूक हा वाद नकोय प्लीज, ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचं जिथे ठरलं ती इ.स. ३२५ ची नायसियाची परिषद माहितीये. जे स्वतः निसान १४ पाळतात त्यांनी सांगा, तुम्ही मार्क आणि योहान यांचा मेळ नेमका कसा घालता?